म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बसतं माणूस शोधताना

आबा मला सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात पट्टा होता, पट्ट्याला साखळी होती आणि साखळीचं दुसरं टोक त्र्यंबक रोडवरच्या एका बंद ढाब्याच्या खांबाला बांधलेलं होतं. शेजारी बिस्किटांचा पुडा, न फोडलेला. ज्यानं कुणी त्याला तिथं सोडलं, त्याला जाताना काहीतरी वाटलं असणार. पण पुडा फोडून देण्याइतकाही तो थांबला नव्हता. लॅब्रॅडोर, तोंड पार पांढरं, मागचे पाय उभं राहताना थरथरणारे. डॉक्टरांनी दात आणि डोळे बघून अकराच्या आसपास वय सांगितलं.

मी नाशिकला औषधांचं दुकान चालवते. गेल्या १२ वर्षांत रस्त्यावर टाकलेली, मालक वारल्यामुळे उघड्यावर आलेली ३१ कुत्री माझ्या घरातून पुढं दुसऱ्यांच्या घरी गेली. त्यांतली ९ म्हातारी. पिल्लाला घर मिळायला मला कधी दहा दिवसांपेक्षा जास्त लागले नाहीत. आबाला पाच महिने लागले आणि मध्ये एकदा तो परत आला. दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी काउंटरपाशी थांबून विचारतं, "ताई, आमच्या इथं एक म्हातारं कुत्रं आलंय, त्याचं काय करू?" त्या सगळ्यांना तुटक तुटक सांगते ते इथं सलग लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पिल्लासाठी आपण चांगलं घर शोधतो: जागा, मुलं, खेळायला कुणीतरी. म्हाताऱ्या कुत्र्याला मोठी जागा लागत नाही, बंगला लागत नाही. त्याला बसतं माणूस लागतं. घरात असणारं, एका जागी बराच वेळ बसणारं, ज्याच्या पायाशी त्याला पडून राहता येईल असं माणूस. मी आबासाठी सुरुवातीचे दोन महिने नुसतं प्रेमळ घर शोधत होते आणि तिथंच माझं चुकलं.

घर शोधायला लागण्याआधी एवढं बघा की या कुत्र्याला घर हवंच आहे का. कानाच्या टोकाला व्हीसारखी खाच असेल तर ते नसबंदी होऊन आपल्या गल्लीत परत सोडलेलं कुत्रं आहे. बारा वर्षं एकाच चहाच्या गाड्याखाली काढलेल्या कुत्रीला चौथ्या मजल्यावरच्या सोफ्यावर नेणं मला पटत नाही. तिची माणसं, तिचा वास, तिची सावली सगळं त्या कोपऱ्यावर आहे. तिला तिथंच एक जाड गोणपाट, पावसाळ्यात वर पत्रा, वर्षातून एकदा रेबीजची लस आणि गाडेवाल्याच्या डब्यात ठेवलेल्या औषधाच्या गोळ्या एवढं करून द्या. घर शोधायचं ते आबासारख्यांना, ज्यांना रस्ता माहीतच नाही. तसं कुत्रं ओळखू येतं. गाडीच्या हॉर्नला ते बाजूला होत नाही, बंद दारासमोर जाऊन बसतं, कचऱ्याकडे बघतही नाही.

हरवलेलंही असू शकतं. आसपासच्या सगळ्या दवाखान्यांत फोटो दाखवा, मानेत मायक्रोचिप आहे का ते मशीन फिरवून बघायला सांगा, पोलीस चौकीत एक अर्ज देऊन ठेवा. आठ-दहा दिवस थांबा. आबासाठी कुणी आलं नाही.

त्यानंतरही लगेच जाहिरात टाकू नका. किमान तीन आठवडे कुत्रा तुमच्याजवळ किंवा ओळखीच्या घरी ठेवा. हे काम करणाऱ्यांत एक हिशेब तोंडी चालतो: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. म्हाताऱ्यांच्या बाबतीत मला तो बऱ्यापैकी खरा दिसला आहे. आबा पहिले चार दिवस नुसता झोपून होता. मी सगळ्यांना सांगत सुटले, "इतका शांत कुत्रा मी पाहिला नाही." सातव्या रात्री दोनला उठून तो घरभर फिरायला लागला. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात डोकं घालून उभा राहिला आणि मागं कसं यायचं ते त्याला सुचेना. म्हातारपणी कुत्र्यांचाही मेंदू थकतो. रात्रीचा दिवस होतो, भिंतीकडे बघत उभं राहणं होतं, बाहेर लघवीला जायची सवय विसरते. पहिल्या आठवड्यात मी त्याला कुणाकडे दिलं असतं तर हे त्या घरानं एकट्यानं भोगलं असतं.

म्हणून एक वही करा. काय खाल्लं, किती पाणी प्यायला, कितीला उठला, शी-शू कधी, उठताना किती वेळ लागला, कशाला गुरगुरला. पुढं घर मिळेल तेव्हा ही वहीच तुम्ही त्यांच्या हातात देणार आहात.

तपासण्यांवर खर्च होतो, पण म्हाताऱ्या कुत्र्यात तो टाळता येत नाही. रक्ताची पूर्ण तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृतासाठी एसजीपीटी, लघवीची तपासणी, जमलं तर कमरेचा एक्स-रे. आपल्याकडे गोचीडतापाची तपासणी हवीच. कुत्रा नुसता मलूल वाटतो, आपण म्हणतो वय झालं, आणि रक्तात प्लेटलेट घसरलेल्या असतात. आबाच्या ६२ हजार निघाल्या, जिथं निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात. डॉक्टरांनी २८ दिवसांचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स दिला आणि तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा शेपूट हलवत दारापर्यंत आला. ते दुखणं म्हातारपणाचं नव्हतंच. कुत्री असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर फार पाणी पिते का, मागून स्राव येतो का हे बघा. गर्भाशयात पू झाला तर दिवस मोजायला वेळ मिळत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. डोळे निळसर धुरकट दिसले म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. वयानं भिंगावर तशी छाया येते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत राहतं. पांढराफटक डाग मात्र दाखवून घ्या. आणि वजन करा, अंदाजे नको. औषध वजनावर ठरतं. आबा २४ किलो ६०० ग्रॅम होता.

इथं औषध दुकानदार म्हणून एक कळकळीची विनंती. म्हातारं कुत्रं लंगडतं म्हणून घरातली वेदनेची गोळी त्याला देऊ नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बसतं. डायक्लोफिनॅकचंही तेच. माझ्याकडे लोक येतात, "कुत्र्यासाठी हवी आहे, अर्धीच देणार आहे" म्हणतात, आणि मी देत नाही. संधिवातावर कुत्र्यांसाठीची औषधं आहेत, पण तीही क्रिएटिनिन बघूनच डॉक्टर देतात. आबाचं क्रिएटिनिन थोडं वर होतं, म्हणून त्याला आम्ही जपून, कमी मात्रेत आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासत औषध दिलं.

आता तो परत आला त्याबद्दल.

दोघं तरुण नवरा-बायको होते, आयटीत काम करणारे, चौथा मजला, लिफ्ट असलेली इमारत. आबाला भेटायला आले तेव्हा ती मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली. त्यांचं मन खरं होतं, त्यात मला आजही शंका नाही. मी त्यांना पाय दुखतात हे सांगितलं, कमी ऐकू येतं हेही सांगितलं. रात्रीचं फिरणं आणि घरातली लघवी मात्र सांगितली नाही. "नव्या घरात कदाचित थांबेल" असं मी मनाशी म्हटलं. दोघं सकाळी नऊला बाहेर पडायचे, संध्याकाळी सातला यायचे. आबा दहा तास बंद दारासमोर बसून ओरडायचा. तो बहिरा होता, त्यामुळे आपण किती मोठ्यानं ओरडतो आहोत हे त्याला कळत नसे. लिफ्टमध्ये लघवी झाली. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून दोनदा पडला. नवव्या दिवशी ते त्याला घेऊन आले तेव्हा दोघांचे डोळे झोप नसल्यानं आत गेले होते. मुलगी म्हणाली, "ताई, आधी सांगितलं असतंत तर आम्ही नाही म्हटलं असतं, पण असं परत द्यायची वेळ आली नसती."

त्या दिवसापासून मी सगळं खरं सांगते. पहिल्या फोनवर, गोड बोलण्याच्या आधी. खरं सांगितल्यावर फोन कमी येतात, हे खरं आहे. पण जे राहतात ते राहतात.

माझा त्यानंतरचा मजकूर असा होता. हवा तर तुम्ही हाच साचा घ्या:

"आबा. लॅब्रॅडोर, नर, अंदाजे ११ वर्षं, २५ किलो. ऐकू जवळजवळ येत नाही. मागच्या पायांत संधिवात, जिना चढत नाही. रात्री दोनच्या सुमारास उठतो, घरभर फिरतो, आठवड्यातून एक-दोनदा घरात लघवी होते. रोज दोन गोळ्या आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणी, औषधांचा खर्च सध्या महिन्याला १४०० रुपयांच्या आसपास. भूल झेपणार नाही म्हणून नसबंदी केलेली नाही. पैदाशीसाठी मिळणार नाही. माणसांशी शांत, मांजराकडे बघत नाही, जेवताना दुसरा कुत्रा जवळ आला तर गुरगुरतो. माणसाच्या पावलावर हनुवटी ठेवून पडायला आवडतं. तळमजल्याचं घर आणि दिवसभर घरात असणारं माणूस हवं आहे. किती वर्षं राहील ते सांगता येत नाही."

याच्यासोबत फोटो एकच, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला आणि शेजारी माणसाचा हात दिसेल असा, म्हणजे आकार कळतो. वर २० सेकंदांचा व्हिडिओ: झोपलेला कुत्रा उठतो आणि चार पावलं चालतो. किती वेळ लागतो, कसा डुलतो हे त्यांना घरबसल्या दिसू द्या. दयेची भाषा लिहू नका. "शेवटचे दिवस तरी सुखाचे जावोत" वगैरे वाचून लोक भरून येतात आणि भरून आलेल्या मनानं फोन करतात. ते मन आठवडाभर टिकतं.

हा मजकूर कुठं द्यायचा, तर व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरेलच. पण मला म्हाताऱ्यांची चांगली घरं मिळाली ती बहुतेक दवाखान्यांतून. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला माहीत असतं की कुणाचं म्हातारं कुत्रं सहा-आठ महिन्यांपूर्वी गेलं. अशा घरांत सगळं तयार असतं: खालची गादी, पाण्याचं भांडं, गोळी गुळात नाही तर पनीरमध्ये कशी लपवायची याची सवय, रात्री उठायची सवय. आणि त्या घरातली माणसं साठी-सत्तरीची असतील तर त्यांना पिल्लू घ्यायचा धीर होत नसतो. आपल्या मागं त्याचं कोण बघेल, ही भीती असते. त्यांना म्हातारं कुत्रं बरोबर जुळतं, आणि ते त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. फक्त लगेच जाऊ नका. दुःख ओलं असताना लोक गेलेल्या कुत्र्याला परत शोधत असतात आणि नवं कुत्रं त्याच्यासारखं वागत नाही म्हणून आणखी दुखावतात. कंपाउंडरला सांगून ठेवा, विचारायची वेळ तो ओळखतो.

सकाळी फिरायला येणाऱ्यांतही बघा. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून मला दोन घरं मिळाली आहेत.

आबासाठी त्या मजकुरावर १४ फोन आले. पाच जणांना पिल्लू आहे का ते विचारायचं होतं. दोघांना मळ्यावर राखणीला हवा होता. बहिऱ्या, थकलेल्या कुत्र्याला राखणीला. एकानं थेट विचारलं, "नर चालू आहे ना अजून?" जातिवंत कुत्रा म्हातारा असला तरी पैदाशीसाठी मागणारे असतात, कुत्री असेल तर जास्तच. म्हणून डॉक्टर हो म्हणत असतील तर नसबंदी करूनच द्या. नाही म्हणत असतील तर घर ओळखीच्या माणसाच्या ओळखीतलं हवं.

उरलेल्यांना काय विचारायचं? "तुम्ही त्याच्यावर प्रेम कराल का" याला सगळेच हो म्हणतात. मी विचारते, "कालचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?" आणि मग गप्प बसते. माणूस आपला कालचा दिवस सांगताना त्यात कुत्र्याला जागा आहे की नाही ते आपोआप कळतं. एक गृहस्थ फार चांगले होते, पण त्यांच्या कालच्या दिवसात सकाळी सिन्नर, दुपारी निफाड आणि रात्री एक लग्न होतं.

दिंडोरीहून फोन आला तो एका निवृत्त शिक्षिकेचा. वय ६८. गावात त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी कालचा दिवस असा सांगितला: "साडेपाचला उठले. चहा. मग ओट्यावर बसून मेथी निवडली. भाऊ मळ्यात गेला. दुपारी रेडिओ लावून पडले. चारला पुन्हा ओटा. गुडघे दुखतात गं, हिंडणं होत नाही. रात्री दोनदा उठावंच लागतं." मी म्हटलं, दोनला उठता का? "दोन, अडीच. का?" मी त्यांना आबाचं रात्रीचं फिरणं पुन्हा एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दोघं उठू."

त्यांचा मोती १४ वर्षांचा होऊन आठ महिन्यांपूर्वी गेला होता. पिल्लू कुणीतरी आणून देत होतं, त्यांनी परत पाठवलं होतं.

एवढं जुळलं तरी घर बघायला जाच. मी जाते तेव्हा चहा होईपर्यंत जमिनीवर बसून घेते. कुत्र्याच्या उंचीवरून घर वेगळं दिसतं: टेबलाची टोकं, सुटलेल्या वायरी, कपाटाखालचं उंदरांचं औषध. फरशी गुळगुळीत असेल तर झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंजी नाही तर काथ्याची चटई टाकायला सांगा. पंजांच्या खालच्या बाजूला बोटांमध्ये वाढलेले केस कापले तरी घसरणं कमी होतं. कुत्रा रात्री कुठं झोपणार हे विचारा. "अंगणात मोकळा" हे उत्तर मला म्हाताऱ्यासाठी चालत नाही; नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी संधिवाताला सोसत नाही. दवाखाना किती लांब आहे आणि रात्री गाडी कोण काढेल, हेही विचारा.

बाईंचं घर मळ्यात होतं आणि तिथं मला तीन गोष्टी दिसल्या ज्या शहरात सुचल्या नसत्या. विहिरीचा कठडा जेमतेम गुडघाभर. डोळे अधू झालेल्या कुत्र्यासाठी तिथं जाळी हवी. औषध फवारणीचा पंप धुतलेलं पाणी एका खळग्यात साचत होतं. आणि द्राक्षं. दिंडोरी द्राक्षांचा तालुका, फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलींखाली घडच्या घड गळलेले असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात, किती खाल्ल्यावर जातील याचा भरवसा नाही, आणि आबाचं मूत्रपिंड आधीच थकलेलं. बाईंच्या भावाला हे पटेना. "आमच्या मोतीनं आयुष्यभर खाल्ली" म्हणाले. मी वाद घातला नाही, डॉक्टरांशी फोन जोडून दिला. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ओटा आणि बाग यांच्यामध्ये जुन्या शेडनेटचं कुंपण घातलेलं होतं आणि विहिरीला जाळी बसली होती. ज्या घरातली माणसं तुमच्या सांगण्यावरून आठ दिवसांत कुंपण घालतात, त्या घराबद्दल आणखी काही तपासायचं राहत नाही असं माझं मत आहे.

शहरात घर असेल तर एक वेगळी अडचण येते. घरच्यांना कुत्रा हवा असतो आणि सोसायटी नाही म्हणते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. ते पत्रक छापून त्यांच्याकडे असू द्या. तरी म्हातारं कुत्रं देताना मी शेजाऱ्यांनाही भेटून येते. भांडण जिंकून मिळालेल्या घरात कुत्र्याला स्वस्थता मिळत नाही.

घरात आधीचं कुत्रं असेल तर पहिली भेट बाहेर, कुणाच्याच हद्दीत नसलेल्या रस्त्यावर. दोघांना दोन माणसांनी थोडं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालवायचं. जेवण कायम वेगळ्या खोलीत.

लेखी कागद करा, साध्या कागदावर चालतो. मी तीन वाक्यं लिहिते. कुत्रा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, सांभाळणं जमलं नाही तर कधीही, कितीही वर्षांनी, माझ्याकडेच परत आणायचा. मी घरी येऊन बघू शकेन. आणि घेणाऱ्याला काही झालं तर कुत्र्याचं कोण बघेल त्या माणसाची सही. म्हाताऱ्या माणसांकडे देताना ही तिसरी सही फार महत्त्वाची. बाईंच्या कागदावर त्यांच्या भाच्यानं सही केली, मी त्याच्याशी वेगळी बोलले. जनावराला अन्नपाण्यावाचून हाल होतील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खाली गुन्हा आहे, हेही मी सांगते. धाक म्हणून सांगत नाही. परत आणून देण्यात कमीपणा नाही, हे त्यांना कळावं म्हणून.

नेण्याचा दिवस निवडताना दिवाळी टाळा. फटाक्यांच्या आधीच्या पंधरा दिवसांत मी कुठलंच कुत्रं हलवत नाही. आबाला ऐकू येत नव्हतं, पण बाकीच्यांना येतं. उन्हाळ्यात संध्याकाळी उशिरा न्या. निघण्याआधी तीन-चार तास खायला नको, गाडीत मागच्या सीटवर गोधडी. लांबचं घर असेल आणि रेल्वेनं न्यायचं असेल, तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात पूर्ण कूपे किंवा केबिन (दोन किंवा चार जणांची बंद खोली) आपल्याकडे असेल तेव्हाच कुत्रा सोबत बसू शकतो. एरवी त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला त्या पेटीत मी कधीच घालणार नाही. त्यापेक्षा गाडीनं दोन टप्प्यांत न्या.

सोबत द्यायचं सामान: लसीचं कार्ड, सगळे रिपोर्ट, ती वही, महिनाभराची औषधं वेळा लिहून, सध्या खातो तेच आठवड्याचं खाणं, आणि त्याचं अंथरूण न धुता. वासानंच त्याला पहिली रात्र कळणार असते. बहिरं कुत्रं असेल तर घरातल्या प्रत्येकाला शिकवा: झोपेत मागून हात लावायचा नाही. समोर जाऊन जमिनीवर दोनदा थोपटायचं, हादऱ्यानं ते जागं होतं. अचानक दचकून चावलेल्या कुत्र्याला लोक रागीट म्हणतात, बिचारं घाबरलेलं असतं.

आबाला सोडून मी निघाले तेव्हा तो माझ्यामागं फाटकापर्यंत आला. हा क्षण वाईट असतो. निरोप लांबवू नका, परत फिरून जवळ घेऊ नका, गाडी सुरू करा. मी गंगापूर रोडला लागेपर्यंत रडत होते.

पहिले पंधरा दिवस राहून बघायची मुदत, दोन्ही बाजूंनी. पहिले तीन दिवस मी रोज फोन करते, मग आठवड्यातून एकदा. "कसा आहे" विचारलं की "मजेत आहे" असंच उत्तर येतं, म्हणून मी उठताना-चालतानाचा व्हिडिओ मागते आणि महिन्याला वजन. बाईंचा भाऊ त्याला द्राक्षं मोजायच्या काट्यावर उभा करायचा आणि आकडा पाठवायचा. पाचव्या महिन्यात दीड किलो घट दिसली, आम्ही रक्त तपासलं, मूत्रपिंड आणखी थकलं होतं. डॉक्टरांनी जेवण बदललं, पुढं आठवड्यातून दोनदा सलाइन. बाई ते स्वतः शिकल्या. महिनोन् महिने नुसतं "मजेत आहे" ऐकत राहिले असते तर हे फार उशिरा कळलं असतं.

आणि मरणाबद्दल आधीच बोला. मी कागदावर सही होते त्याच दिवशी बोलते, पुढं धीर होत नाही. बाईंना मी विचारलं, आबा कशासाठी जगतो असं तुम्हाला वाटतं, महिनाभरानं सांगा. त्यांनी सांगितलं: स्वतः उठून ओट्यावर येणं, भाकरी-दुधाची वाटी, माझ्या पायावर डोकं. आम्ही ठरवलं, यांतल्या दोन गोष्टी थांबल्या आणि डॉक्टर म्हणाले आता सुधारणार नाही, तर त्याला ओढायचं नाही. डॉक्टर घरी येतील का, हेही तेव्हाच विचारून ठेवलं. पुरायची जागा भावानं दाखवली, बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब.

आबा त्यांच्याकडे १६ महिने राहिला. शेवटच्या आठवड्यात तो उठेना, मग वाटीकडे बघेना. डोकं मात्र शेवटपर्यंत बाईंच्या पावलावर होतं. डॉक्टर दुपारी आले. मी दुकान बंद करून गेले होते. खड्डा चार फूट खणला होता.

उरलेलं सामान त्यांच्याकडून मागून घेऊ नका. पट्टा, वाटी, गादी जिथं आहे तिथं राहू द्या. "दुसरं आणून देऊ का" असंही विचारू नका. मी सणावाराला फोन करत राहिले, कुत्र्याचा विषय काढला नाही. सात महिन्यांनी बाईंचाच फोन आला. म्हणाल्या, "रात्री दोनला मी एकटीच उठते."

आता त्यांच्याकडे चंपी आहे. गावठी, दहाएक वर्षांची, एका डोळ्यानं अधू, मालकीण वारल्यावर पंचवटीतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली राहत होती. तिला ऐकू येतं, त्यामुळे रेडिओ लागला की ओट्यावर येऊन बसते. मागच्या रविवारी भावानं काट्यावर उभी केली, १४ किलो ३०० ग्रॅम भरली.